ओपनस्टॅकमध्ये फिक्स केलेला बग परत येतोय? कोडमध्ये नेमकं कुठे दुखतंय ते असं शोधा

हे त्यांच्यासाठी लिहितोय जे ओपनस्टॅक (स्वतःचा क्लाऊड उभारायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) नुसतं वापरत नाहीत तर त्याचा कोड स्वतःच्या रिपोत घेऊन वर आपले पॅच चढवतात, एखादा स्टोरेज नाहीतर नेटवर्क ड्रायव्हर सांभाळतात, किंवा अपस्ट्रीमला (मूळ प्रोजेक्टला) पॅच पाठवत असतात. मी बऱ्याच वर्षांपासून हेच काम करतोय आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच, "अहो हा बग मागच्या रिलीजला बंद केला होता, परत कसा आला?" बग दरवेळी वेगळा दिसतो, कधी नोव्हात (व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग) कधी सिंडरमध्ये (स्टोरेजचे व्हॉल्यूम सांभाळणारा भाग) कधी टीमच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये, पण खोदत गेलं की खाली तीच चारपाच कारणं निघतात. आणि ट्रेसबॅक ज्या ओळीवर बोट दाखवतो ती ओळ बहुतेक वेळा निर्दोष असते. खरा दोष शेजारी कुठेतरी असतो, कोणीतरी एक्सेप्शन गिळलेला (एरर पकडून दाबून टाकलेला) असतो, टेस्ट अशी लिहिलेली असते की ती कधी फेलच होऊ शकत नाही, किंवा तेच लॉजिक दुसऱ्या फाईलमध्ये कॉपी केलेलं असतं आणि फिक्स एकाच ठिकाणी झालेला असतो.

म्हणून मी शोधायचा एक क्रम ठरवून टाकलाय. आधी फुकटचं आणि पाच मिनिटांचं, मग तासाभराचं, मग दिवस खाणारं. हा क्रम मोडू नका असं मी मनापासून सांगेन, कारण लोक पहिल्याच दिवशी मोठं स्कॅनिंग टूल बसवतात, त्यातून हजारो वॉर्निंग येतात, कोणी वाचत नाही आणि महिन्याभराने ते टूल बंद होतं.

आधी लक्षणं बघा

- बग बंद होतो आणि पुढच्या अपग्रेडनंतर थोड्या वेगळ्या एररने तोच परत येतो.
- सगळे फिक्स फिरून फिरून त्याच दोनतीन फाईलींमध्ये होतायत.
- युनिट टेस्ट सगळ्या हिरव्या, पण खऱ्या क्लाऊडवर चढवलं की पहिल्याच दिवशी पडतं.
- टीममध्ये टेस्ट फेल झाली की कारण न बघता "रीचेक" (टेस्ट परत चालवायला लावणारी कमेंट) टाकायची सवय लागलीये.
- व्हीएम "बिल्ड" नाहीतर "डिलिटिंग" वर तासन्‌तास अडकलंय आणि लॉग एकदम स्वच्छ. एकही एरर नाही!
- कंप्यूट सर्व्हिस मधेच "डाऊन" दिसते, थोड्या वेळाने आपोआप "अप", प्रोसेस मात्र सगळा वेळ चालूच होती.
- एखादी फाईल अशी आहे की तिला हात लावायला कोणी तयार नाही आणि तिच्या रिव्ह्यूमध्ये कमेंट फक्त स्पेस आणि स्पेलिंगवर येतात.

यातलं एकच लक्षण असेल तर तो साधा बग समजा आणि फिक्स करून मोकळे व्हा. पण दोनतीन लक्षणं एकाच डिरेक्टरीभोवती गोळा झालेली दिसली तर मग पुढचं सगळं करा.

१. हा बग तुमचा की अपस्ट्रीमचा? (खर्च शून्य)

यावर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ वाचतो. ओपनस्टॅकचे पॅच गेरिटमधून (कोड रिव्ह्यूच्या साईटवरून) जातात आणि प्रत्येक कमिट मेसेजच्या शेवटी चेंज-आयडी असतो. पॅच मास्टरवरून स्टेबल ब्रँचवर आणला तरी चेंज-आयडी तोच राहतो, कमिटचा हॅश बदलतो. म्हणून तुमच्या रिपोत आणि अपस्ट्रीमच्या रिपोत हॅशने नाही, चेंज-आयडीने शोधा. बरेचदा निघतं काय, तर फिक्स तुमच्या जुन्या ब्रँचवर थेट टाकलेला होता, मास्टरला कधी गेलाच नाही, मग नवीन रिलीजला रिबेस करताना (आपले पॅच नव्या कोडवर चढवताना) तो गळाला आणि बग जिवंत झाला. ओपनस्टॅकमध्ये बॅकपोर्टचा नियमच आहे की फिक्स आधी मास्टरवर, मग एकेक ब्रँच खाली उतरत जायचं, मधली ब्रँच सोडायची नाही, ते याचसाठी.

तुमच्याकडच्या सगळ्या खासगी पॅचची यादी काढा आणि प्रत्येकासमोर लिहा, अपस्ट्रीमला पाठवला का, नसेल तर का नाही. ज्यांच्यासमोर उत्तर नाही तिथूनच पुढचे बग येणार आहेत.

२. गिटला विचारा (पाच मिनिटं)

मागच्या एका वर्षाचा गिट लॉग घ्या, फक्त फाईलींची नावं काढा, सॉर्ट करून मोजा, उतरत्या क्रमाने पहिली वीस बघा. मग तेच परत करा पण फक्त त्या कमिटसाठी ज्यांच्या मेसेजमध्ये बग नंबर आहे, ओपनस्टॅकमध्ये "क्लोजेस-बग" अशी ओळ लिहायची पद्धत असल्यामुळे हे वेगळं काढणं सोपं जातं. दोन्ही याद्यांमध्ये वर असलेल्या फाईली हाच तुमचा खरा प्रॉब्लेम.

का करायचं? तर ओपनस्टॅकमध्ये मोठ्या फाईली पुष्कळ आहेत. नोव्हाची कंप्यूट मॅनेजरची फाईल आणि लिबव्हर्टची (व्हीएम सांभाळणारी लायब्ररी) ड्रायव्हर फाईल, दोन्ही दहा हजार ओळींच्या पुढे गेलेल्या आहेत. कुठलंही टूल लावा, या दोन फाईली लाल दिसणारच. पण तुमचे बग तिथून येतायत का हे टूल सांगत नाही, ते इतिहासच सांगतो. एखादी भयानक दिसणारी फाईल पाच वर्षांत कोणी बदललेली नसेल आणि ती नीट चालत असेल तर तिला सोडून द्या, खरंच सोडून द्या.

एक काळजी घ्या, फॉरमॅटिंगचे आणि नाव बदलाचे मोठे कमिट मोजणीतून वगळा, नाहीतर आकडे फसवतात.

३. टॉक्सचं पेप-८ चालवा, आणि वगळलेल्या नियमांची यादी वाचा (दहा मिनिटं)

ओपनस्टॅकच्या प्रोजेक्टमध्ये पेप-८ नावाचं टॉक्स (टेस्ट आणि तपासण्या चालवणारं टूल) एन्व्हायर्नमेंट असतं, त्याच्या पोटात फ्लेक-८ आणि त्यावर ओपनस्टॅकचं स्वतःचं "हॅकिंग" नावाचं प्लगिन चालतं. नोव्हात फक्त बदललेल्या फाईली तपासणारं फास्ट-८ पण आहे. ते तर तुम्ही चालवतच असाल. मी सांगतोय ते वेगळं, कॉन्फिगमध्ये कुठले नियम बंद करून ठेवलेत ते बघा, आणि कोडमध्ये "नोक्यूए" लिहिलेल्या ओळी ग्रेप करून काढा. नोक्यूए म्हणजे कोणीतरी टूलला गप्प बसवलेलं असतं. त्यातले निम्मे बरोबर असतात, उरलेल्यांपैकी प्रत्येकाजवळ थांबून वाचा.

हॅकिंगचे काही नियम मुळात बंदच असतात, आपण स्वतः चालू करावे लागतात. त्यातला एच-२१० हा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, मॉक (टेस्टमध्ये खऱ्या फंक्शनच्या जागी ठेवलेलं नकली) पॅच करताना ऑटोस्पेक नाहीतर स्पेक (नकलीने खऱ्यासारखंच वागावं यासाठीचा नमुना) द्यायलाच लावतो. का ते पाचव्या मुद्द्यात येईल. आणि नोव्हाने तर स्वतःचे वेगळे नियम लिहिलेत, एन-३२२ बघा, फंक्शनच्या डीफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये लिस्ट नाहीतर डिक्शनरी ठेवायला मनाई. हा नियम नुसता शोभेचा नाही. पायथनमध्ये तो डीफॉल्ट एकदाच तयार होतो आणि प्रत्येक कॉलला तोच वापरला जातो, म्हणजे पहिल्या रिक्वेस्टने त्यात टाकलेलं दुसऱ्या रिक्वेस्टला दिसतं. क्लाऊडमध्ये पहिली रिक्वेस्ट एका टेनंटची (क्लाऊडच्या एका ग्राहकाची) आणि दुसरी दुसऱ्याच टेनंटची असू शकते, म्हणून मी हा प्रकार दिसला की त्याच दिवशी काढतो.

सोबत बँडिट पण चालवा. हे टूल ओपनस्टॅकच्या सिक्युरिटी प्रोजेक्टमधूनच जन्मलं आणि नंतर बाहेर सगळ्यांचं झालं. त्याच्या रिपोर्टमध्ये मी आधी तीन गोष्टी बघतो: शेल चालू ठेवून केलेले सबप्रोसेस कॉल, सर्टिफिकेट न तपासता केलेले कॉल, आणि टाईमआऊट न देता केलेले रिक्वेस्ट्सचे कॉल. तिसऱ्याकडे लोक काणाडोळा करतात, पण रिक्वेस्ट्स लायब्ररीला डीफॉल्ट टाईमआऊट नाहीच, समोरचा स्टोरेज बॉक्स उत्तर देईना झाला तर तुमचा थ्रेड कायमचा तिथे बसून राहतो. "व्हीएम अडकलंय आणि लॉग स्वच्छ" या लक्षणाचं हे एक अगदी नेहमीचं कारण.

४. गिळलेले एक्सेप्शन शोधा (अर्धा तास)

लॉग स्वच्छ असण्याचं दुसरं नेहमीचं कारण. ग्रेप मारा, "एक्सेप्ट" नंतर काहीच नाव नाही अशा ओळी, आणि "एक्सेप्ट एक्सेप्शन" च्या खाली नुसतं "पास" नाहीतर "रिटर्न नन" असलेल्या ओळी.

नाव नसलेला एक्सेप्ट ओपनस्टॅकमध्ये जास्तच घातक आहे कारण इव्हेंटलेटचा (एकाच थ्रेडवर अनेक कामं चालवणारी लायब्ररी) टाईमआऊट हा बेस-एक्सेप्शनपासून बनवलाय, साध्या एक्सेप्शनपासून नाही. मुद्दाम तसा बनवलाय, की "एक्सेप्ट एक्सेप्शन" मध्ये तो चुकून अडकू नये. पण नाव नसलेला एक्सेप्ट सगळंच गिळतो, मग टाईमआऊट झालेला असतो आणि कोड समजतो की काही झालंच नाही, पुढे चालत राहतो, अर्धवट तयार झालेला व्हॉल्यूम डेटाबेसमध्ये "अव्हेलेबल" म्हणून लिहितो. हे मी वेगवेगळ्या ड्रायव्हरमध्ये इतक्या वेळा बघितलंय की आता नवीन ड्रायव्हर हातात आला की पहिला ग्रेप हाच असतो.

साफसफाईचा कोड पण बघा. व्हॉल्यूम बनवताना फेल झालं, एक्सेप्टमध्ये जाऊन अर्धवट व्हॉल्यूम डिलीट करायला गेलो, तो डिलीटच फेल झाला, आता वर कुठला एक्सेप्शन जाणार? डिलीटचा. आणि वरचा कोड डिलीटच्या एररवर निर्णय घेतो जो पूर्ण चुकीचा असतो. यासाठी ऑस्लो युटिल्समध्ये (ओपनस्टॅकच्या सामायिक लायब्ररीत) सेव्ह-अँड-रीरेज-एक्सेप्शन नावाचा कॉन्टेक्स्ट मॅनेजर आहे, तो मूळ एक्सेप्शन धरून ठेवतो आणि शेवटी तोच परत फेकतो, मधे दुसरा आला तर मूळचा निदान लॉगमध्ये लिहून ठेवतो. तुमच्या ड्रायव्हरमध्ये साफसफाई आहे पण हा कुठेच वापरलेला नाही असं दिसलं तर तिथे थांबून नीट वाचा.

५. टेस्ट फेल होऊ शकते का ते तपासा (तास-दोन तास)

मला विचाराल तर अख्ख्या यादीतला हा सगळ्यात उपयोगी चेक, आणि यासाठी काही इन्स्टॉल करावं लागत नाही. ज्या ओळीने बग फिक्स केला होता ती ओळ हाताने मोडा, अट उलटी करा किंवा ओळच उडवा, आणि त्या फिक्ससोबत आलेली टेस्ट चालवा. टेस्ट फेल झाली पाहिजे. हिरवीच राहिली तर तुमचा बग परत का येतो याचं उत्तर मिळालं, त्याला अडवायला तिथे कोणीच उभं नव्हतं.

हिरवी राहण्याची कारणं ठरलेली आहेत.

एक, असर्ट-ट्रू ला दोन गोष्टी देणं. लिहिणाऱ्याला वाटतं की मिळालेलं आणि अपेक्षित यांची तुलना होतेय, पण असर्ट-ट्रूचं दुसरं आर्ग्युमेंट फेल झाल्यावर दाखवायचा मेसेज असतो. पहिलं रिकामं नसलं की टेस्ट पास. तिथे असर्ट-इक्वल हवं होतं.

दोन, मॉकवर असर्टचं नाव चुकीचं लिहिणं. "असर्ट-कॉल्ड-वन्स-विथ" ऐवजी "कॉल्ड-वन्स-विथ" लिहिलं तर जुन्या पायथनमध्ये मॉक निमूटपणे त्या नावाचं नवीन मॉक बनवून देतो आणि काहीच तपासत नाही. नवीन पायथनमध्ये यावर एरर येतो, म्हणून पायथन अपग्रेड केल्यावर अचानक जुन्या टेस्ट फेल होऊ लागल्या तर चिडू नका, त्या टेस्ट आजपर्यंत काही तपासतच नव्हत्या हे आत्ता कळलं.

तीन, ऑटोस्पेक नसलेला मॉक. खऱ्या फंक्शनला चार आर्ग्युमेंट झाली, कॉल करणारा अजून तीनच देतोय, मॉकला काय फरक पडतो, तो काहीही स्वीकारतो. टेस्ट हिरवी, प्रॉडक्शनमध्ये टाईप-एरर. वरचा एच-२१० नियम हेच अडवतो. फक्त जुन्या प्रोजेक्टवर तो एकदम सगळीकडे चालू केलात तर शेकड्याने टेस्ट पडतील आणि तुम्ही तो दुसऱ्या दिवशी बंद कराल, म्हणून दुसऱ्या मुद्द्यात निघालेल्या फाईलींच्या टेस्टपासून एकेक फाईल घेत सुरुवात करा.

कव्हरेजच्या टक्क्यावर मी इथे फार भर देत नाही. ओळ चालली एवढंच कव्हरेज सांगतं, तिचं उत्तर कोणी तपासलं का ते सांगत नाही. पण शून्य कव्हरेजवाली ब्रँच दिसली, विशेषतः एररच्या वाटेवरची, तर ती लिहून ठेवा.

आता रीचेकबद्दल. झूल हे सीआय (पॅच आपोआप तपासणारी यंत्रणा) मर्ज करायच्या आधी गेटमध्ये रांगेतले पॅच एकावर एक रचून तपासतं, पुढचा पॅच फेल झाला की त्याच्या मागे उभे असलेल्यांच्या टेस्ट परत सुरू कराव्या लागतात. म्हणून एक लहरी टेस्ट (कधी पास कधी फेल होणारी) सगळ्यांचा वेळ खाते, आणि म्हणूनच कारण न लिहिता नुसतं रीचेक टाकू नका असं कम्युनिटी वारंवार सांगते. लहरी टेस्ट मिळाली की एसटेस्टरला (टेस्ट चालवणाऱ्या टूलला) ती फेल होईपर्यंत फिरवत ठेवायला सांगा, त्याचा पर्याय आहे. एकटी चालवल्यावर कधीच फेल होत नसेल आणि सगळ्यांबरोबरच होत असेल तर दुसरी कुठलीतरी टेस्ट मागे काहीतरी सांडून जातेय, ग्लोबल व्हेरिएबल, कॉन्फिगचा बदल, न काढलेला मॉक. कुठली ते शोधायला एसटेस्टरमध्ये आयसोलेशन तपासायचा पर्याय आहे, तो टेस्टची यादी अर्धी-अर्धी करत गुन्हेगार शोधतो. वेळ लागतो, लावून जेवायला जा.

६. तेच लॉजिक अजून कुठे आहे? (अर्धा दिवस)

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण कॉपी केलेल्या लॉजिकचा त्रास किती लांब जाऊ शकतो हे ओपनस्टॅकच्याच इतिहासात दिसतं.

युजर डिस्क इमेज अपलोड करतो. क्यूकाऊ-२ फॉरमॅटच्या इमेजमध्ये "माझा बाकीचा डेटा अमुक फाईलमध्ये आहे" असं लिहायची सोय असते. दुष्ट माणसाने तिथे होस्टवरच्या फाईलचा पाथ लिहिला आणि सर्व्हरने न तपासता ती इमेज कन्व्हर्ट केली तर होस्टची ती फाईल त्याच्या हातात. २०१५ मध्ये ग्लान्समध्ये (इमेज सांभाळणारा भाग) बॅकिंग फाईलच्या वाटेने हे सापडलं, सीव्हीई-२०१५-५१६३ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या दोषाचा जाहीर नंबर). मग जानेवारी २०२३ मध्ये तसलाच प्रकार व्हीएमडीके फॉरमॅटच्या वाटेने बाहेर आला, सीव्हीई-२०२२-४७९५१, आणि यावेळी सिंडर, ग्लान्स, नोव्हा तिघांमध्ये. जुलै २०२४ ला परत क्यूकाऊ-२, आता एक्स्टर्नल डेटा फाईलच्या वाटेने, सीव्हीई-२०२४-३२४९८, परत तेच तिघे. आणि त्याच महिन्यात सीव्हीई-२०२४-४०७६७, कारण नोव्हातला आधीचा फिक्स अपुरा पडला होता, "रॉ" असं सांगून आतून क्यूकाऊ-२ असलेली इमेज दिली तर ती सुटून जात होती.

यावर काम करणारे लोक अतिशय हुशार आहेत, त्यांच्या कौशल्याबद्दल मला अजिबात शंका नाही. पण एकच प्रश्न, "ही इमेज खरंच काय आहे आणि विश्वास ठेवण्यासारखी आहे का", तीन प्रोजेक्ट आपापल्या ठिकाणी सोडवत होते. इमेजचा फॉरमॅट आतून तपासणारा कोड आधी ग्लान्समध्ये लिहिला गेला, मग नोव्हा-सिंडरमध्ये त्याच्या कॉपी गेल्या, आणि शेवटी तो ऑस्लो युटिल्समध्ये एका जागी नेला. आता सुधारणा एकदाच करावी लागते. तुमच्या रिपोत अशा कॉपी शोधणं हेच या चेकचं काम.

कसं शोधायचं? पायलिंटमध्ये डुप्लिकेट कोड शोधायचा नियम आहे, आर-०८०१. डीफॉल्टला तो चार ओळी सारख्या दिसल्या तरी ओरडतो, ते फारच कमी आहे, किरकोळ साम्यंच सापडतात. पंधरा-वीस ओळींपर्यंत वाढवा. टूलला फक्त जशीच्या तशी कॉपी दिसते, नावं बदललेली कॉपी त्याच्या नजरेतून सुटते, म्हणून हाताने पण शोधा: बगमध्ये जे बाहेरचं फंक्शन कॉल होत होतं, समजा क्यूईएमयू-इमेजचं (डिस्क इमेजचा फॉरमॅट बदलणारं टूल) कन्व्हर्ट, त्याचे सगळे कॉल ग्रेप करा आणि प्रत्येक कॉलच्या आधी तीच तपासणी होते का बघा. जिथे होत नाही तिथे तुमचा पुढचा बग आजच बसलेला आहे. ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांनी शेजारच्या ड्रायव्हरमध्ये पण बघा, कारण नवीन ड्रायव्हर जवळपास नेहमी जुन्याची कॉपी मारूनच सुरू होतो.

७. गुंतागुंत मोजा

फ्लेक-८ मध्ये मॅककेबची सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी मोजायची सोय आहे, सी-९०१, पण ती आपण मर्यादा दिल्याशिवाय चालू होत नाही. मॅककेबने १९७६ साली १० ही मर्यादा सुचवली होती. ओपनस्टॅकच्या जुन्या कोडवर १० लावलंत तर भिंत लाल होईल, म्हणून २० ने सुरू करा, आणि फक्त दुसऱ्या मुद्द्यातल्या यादीवर लावा. वरचेवर बदलणारं आणि गुंतागुंतीचं, दोन्ही असेल तरच तोडायला घ्या. तोडताना वागणूक बदलायची नाही आणि त्याच पॅचमध्ये बग फिक्स करायचा नाही, रिव्ह्यू करणाऱ्याला दोन्ही एकत्र वाचता येत नाही.

८. अडवणारे कॉल आणि लॉक (दिवस, कधी आठवडा)

सर्व्हिस आपोआप डाऊन-अप होतेय या लक्षणासाठी हे. नोव्हाची कंप्यूट सर्व्हिस डीफॉल्टला दर १० सेकंदांनी "मी जिवंत आहे" सांगते आणि ६० सेकंद आवाज आला नाही की ती डाऊन धरली जाते. इव्हेंटलेटवर चालणाऱ्या सर्व्हिसमध्ये सगळे ग्रीन थ्रेड एकाच खऱ्या थ्रेडवर आळीपाळीने चालतात, आपण होऊन बाजूला झालं तरच दुसऱ्याला संधी. एखादी सी मधली लायब्ररी मिनिटभर आतच बसली तर हार्टबीटचा थ्रेडही थांबला. नोव्हात लिबव्हर्टचे कॉल टी-पूलमधून खऱ्या थ्रेडवर ढकललेत ते त्याचसाठी. तुमच्या ड्रायव्हरमध्ये व्हेंडरची सी लायब्ररी थेट कॉल होतेय का, मोठी फाईल वाचून चेकसम काढला जातोय का, ते बघा. आणि नवीन कोडमध्ये इव्हेंटलेटवरचा भार वाढवू नका, ओपनस्टॅक त्यातून बाहेर पडतंय, आज बसवलेलं उद्या काढावं लागेल.

लॉकचा गैरसमज तर फार पसरलेला आहे. ऑस्लो कॉन्करन्सीचा सिंक्रोनाइज्ड डेकोरेटर लावला की झालं असं वाटतं, पण डीफॉल्टला तो लॉक त्या एका प्रोसेसपुरताच असतो. वर्कर चार असतील तर चौघांचे चार वेगळे लॉक! एक्स्टर्नल चालू केलं तर फाईलचा लॉक होतो, तो एका मशीनपुरता. दोन मशीनवर एकच व्हॉल्यूम सांभाळला जात असेल तर टूझ (अनेक मशीनमध्ये मिळून लॉक देणारी लायब्ररी) सारखं काहीतरी लागतं, सिंडर तेच वापरतं. प्रत्येक सिंक्रोनाइज्डजवळ थांबून विचारा, याच गोष्टीला हात लावणारे दोघे एकाच प्रोसेसमध्ये असतील याची खात्री आहे का? डेव्हस्टॅकवर (डेव्हलपरच्या चाचणीच्या ओपनस्टॅकवर) सगळं एकाच मशीनवर असतं, म्हणून हा बग डेव्हलपरला दिसतच नाही आणि मोठ्या क्लाऊडवर महिन्यातून एकदा येतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. एका टेनंटला दुसऱ्याचं काही दिसतंय, होस्टवरची फाईल वाचता येतेय, टोकन लॉगमध्ये पडतंय, असं काहीही सापडलं तर गेरिटवर पॅच टाकू नका, आयआरसीवर विचारू नका. गेरिट सगळ्या जगाला दिसतं, तुमचा फिक्सच हल्ल्याची कृती होतो. लाँचपॅडवर बग टाकताना तो खासगी सिक्युरिटी बग म्हणून टाका, ओपनस्टॅकची व्हल्नरेबिलिटी मॅनेजमेंट टीम पुढचं बघते. तुम्हाला फिक्स दोन मिनिटांत सुचला असला तरीही.

दुसरं, डेटाबेसचं मायग्रेशन किंवा आरपीसीवरून (सर्व्हिसच्या आपसातल्या कॉलवरून) जाणाऱ्या ऑब्जेक्टचे फील्ड बदलायची वेळ आली तर. नोव्हात ऑब्जेक्ट बदलला की त्याचा फिंगरप्रिंट तपासणारी टेस्ट फेल होते. लोक नवीन हॅश चिकटवून ती हिरवी करतात, व्हर्जन वाढवतच नाहीत. असं कधीही करू नका. ती टेस्ट सांगत असते की अपग्रेडच्या मधल्या काळात नवीन कंडक्टर (नोव्हाचा डेटाबेसशी बोलणारा भाग) आणि जुना कंप्यूट एकमेकांशी बोलू शकणार नाहीत. ज्याने आधी हे केलंय त्या कोअर रिव्ह्यूअरला (पॅच मंजूर करायचा अधिकार असलेल्याला) विचारा, आणि ग्रेनेडची अपग्रेड टेस्ट चालल्याशिवाय मर्ज करू नका.

तिसरं, रेस (दोन कामं एकाच वेळी घडल्याने होणारा गोंधळ) आहे असा संशय आहे पण ती घडवून आणता येत नाही. अंदाजाने लॉक वाढवत बसलात तर डेडलॉक घरात आणाल. दोन दिवस देऊन घडवता आली नाही तर थांबा.

चौथं, युजरच्या डेटावर परिणाम झाला असण्याची शक्यता असेल, व्हॉल्यूम करप्ट, चुकीचा स्नॅपशॉट डिलीट, असलं काही. तेव्हा आधी ऑपरेशन्सची माणसं आणि स्टोरेजच्या व्हेंडरचा सपोर्ट, कोडची साफसफाई नंतर.

कोअरला विचारायला जाताना हात हलवत जाऊ नका. बग नंबर, रिलीज, खासगी पॅचची यादी, पूर्ण ट्रेसबॅक, आणि शक्य असेल तर बग दाखवणारी फेल होणारी टेस्ट, एवढं सोबत न्या. ती टेस्ट तर वेगळा पॅच म्हणून आधी टाका, फिक्स त्याच्या वर. आयआरसी ओएफटीसीवर आहे, बरेचसे कोअर युरोप-अमेरिकेत असल्यामुळे आपल्या दुपारनंतरच उत्तरं यायला लागतात, सकाळी विचारून लगेच निघून जाऊ नका, चॅनलवर थांबा.

फिक्स झाल्यावर एक काम राहतं

जो प्रकार सापडला तो परत लिहिला गेला तर मशीनने पकडला पाहिजे. नोव्हाच्या हॅकिंग डिरेक्टरीतली चेक्सची फाईल उघडून बघा, बरेच नियम दहापंधरा ओळींचे आहेत, एक रेग्युलर एक्सप्रेशन आणि एक मेसेज. तसाच एक नियम तुमच्या रिपोत टाका, त्याची टेस्ट लिहा, फिक्सच्याच सिरीजमध्ये पाठवा. नियमाच्या मेसेजमध्ये बग नंबर लिहा, म्हणजे पुढे ज्याचा पॅच त्यावर अडेल त्याला नियम कशासाठी आहे ते तिथेच कळेल आणि तो नोक्यूए लिहायच्या आधी तो बग उघडून वाचेल.